पहिली हाक : बालवाडीच्या वयातील सुरक्षितता आणि प्रथमोपचार

‘प्रथमोपचार’ या जोडशब्दातला ‘उपचार’ हा भाग मोठ्यांसाठी असला, तरी ‘प्रथम’ हा भाग लहानांनाही लागू पडतो, कारण घरात किंवा अंगणात अपघात घडतो त्या क्षणी जागेवर हजर असणारे पहिले माणूस पुष्कळदा तीन-चार वर्षांचे मूलच असते. अपघात किंवा आकस्मिक आजार झालेल्या माणसाला डॉक्टर भेटेपर्यंत हाताशी असलेल्या साधनांनी जी मदत केली जाते, जिच्यामुळे जीव वाचतो, इजा वाढत नाही आणि वेदना कमी होतात, तिला प्रथमोपचार म्हणतात. या व्याख्येत बसणारी बरीचशी कामे तीन ते सहा वर्षांच्या, म्हणजे पूर्वशालेय वयाच्या मुलाच्या आवाक्याबाहेरची आहेत. परंतु काहीतरी बिघडले आहे हे ओळखणे, त्या जागेपासून दूर होणे आणि मोठ्या माणसाला हाक मारून घडले ते सांगणे ही तीन कामे त्याला शिकवता येतात. पुढील विवेचनात या तीन कामांचा, आणि त्यांतही तिसऱ्याचा, विचार प्रामुख्याने केला आहे.

संघटित प्रथमोपचाराचा इतिहास रणांगणावर सुरू झाला. 1859 मधील सोल्फेरिनोच्या लढाईत जखमींचे हाल पाहून आंरी द्युनां यांनी केलेल्या प्रयत्नांतून रेडक्रॉस चळवळ उभी राहिली आणि 1882 मध्ये जर्मनीतील कील येथे शल्यविशारद फ्रीडरिश एस्मार्ख यांनी सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवणारी शाळा काढली. या परंपरेने सैनिक, पोलीस, कामगार आणि पुढे शाळकरी विद्यार्थी यांना सामावून घेतले, मात्र बालवाडीतले मूल बराच काळ तिच्या बाहेरच राहिले. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे तंत्र मुलांना बाराव्या वर्षापासून, वर्षातून दोन तास शिकवावे, या शिफारशीला जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये पाठिंबा दिला. छाती पुरेशी खोल दाबण्यासाठी शरीराचे वजन लागते, त्यामुळे ही वयोमर्यादा योग्यच आहे. पण त्यावरून लहान मुलांना काहीच शिकवू नये असा अर्थ निघत नाही. नॉर्वेमध्ये 4 ते 5 वर्षांच्या दहा मुलांना हातबाहुलीच्या साहाय्याने प्रथमोपचार शिकवण्याचा एक छोटा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. शिकवल्यानंतर दोन महिन्यांनी दहापैकी सात मुलांना पडलेले माणूस शुद्धीवर आहे की नाही हे तपासता आले आणि तातडीचा दूरध्वनी क्रमांकही आठवला. दहा मुलांवरून मोठा सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. तरी ‘एवढ्याशा पोराला काय कळतं’ हे मत तपासून घ्यावे लागेल इतके तरी त्यातून दिसते.

शिकवायचे काय, हे मात्र गावोगावी वेगळे ठरते, आणि छापील तक्ते नेमके येथेच अपुरे पडतात. जळगाव जिल्ह्याच्या भुसावळ तालुक्यातील वरणगाव हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मुंबई–नागपूर महामार्ग या गावाला लागून जातो, भुसावळ–नागपूर रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे, बंदुकीची काडतुसे बनवणारी आयुध निर्माणी आणि तिची वसाहत येथे आहे, तापीवरचे हतनूर धरण जवळच आहे आणि भोवताली कपाशी व केळीची शेती आहे. बाजारात मिळणाऱ्या सुरक्षिततेच्या तक्त्यांवर कात्री, जिना, गॅसची शेगडी आणि विजेचा प्लग एवढी चित्रे असतात. त्यांवर कूलर नसतो, शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले कीटकनाशक नसते, प्लास्टिक अंथरलेले शेततळे नसते आणि पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, गंजीत दडलेला विंचूही नसतो. खानदेशातील मुलाची गाठ पडते ती मात्र या गोष्टींशी.

त्यांपैकी कूलरचा विचार आधी करणे भाग आहे. भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे कूलर ही येथे चैनीची वस्तू राहिलेली नाही. पत्र्याचे अंग, आत साठवलेले पाणी, त्या पाण्यात बुडालेला विजेचा पंप आणि वर्षभर माळ्यावर पडून कुरतडलेली किंवा कडक झालेली वायर यांचा हा संयोग आहे. वायरचे आवरण एका ठिकाणी जरी उघडे पडले तरी सारा पत्रा विद्युतभारित होऊ शकतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या शरीरातून वीज जमिनीकडे वाट काढते. अशा मुलाला ‘ओल्या हातानं कूलरला हात लावू नकोस’ असे सांगण्याची रीत आहे. हे वाक्य मोठ्यांना पुरेसे स्पष्ट वाटते, पण लहान मुलाला ते पेलत नाही, आणि त्याचे कारण बालमानसशास्त्रात सापडते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात या वयाला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे, म्हणजे अशी अवस्था की जिच्यात मूल भाषा आणि कल्पना भरपूर वापरते, परंतु दोन अटी एकाच वेळी मनात धरून त्यांवरून निष्कर्ष काढणे त्याला जड जाते. ‘हात ओले असतील तर’ ही अट, ‘कूलर चालू असेल तर’ ही दुसरी आणि ‘मोठे माणूस जवळ नसेल तर’ ही तिसरी, असे नियम रचले की मूल त्यांतला सर्वांत सोयीचा भाग लक्षात ठेवते. म्हणून या वयाचा नियम एकाच कृतीचा आणि बिनअटीचा असावा : कूलरला हात नाही, कधीच नाही. शिवाय नुसता नकार अपुरा पडतो, कारण ‘पळू नको’ म्हटल्यावर मग काय करायचे हे मुलाला कळत नाही. ‘चाल’ म्हटले की कळते. ‘रस्त्यावर जाऊ नको’ यापेक्षा ‘रस्ता दिसला की हात धर’ हा नियम महामार्गालगतच्या गावात अधिक उपयोगी आहे, कारण येणारा ट्रक किती वेगात आहे आणि किती अंतरावर आहे याचा अंदाज पाच वर्षांच्या मुलाला करता येत नाही, आणि तो शिकवूनही लवकर येत नाही. नियम अर्थातच मोठ्यांनीही पाळायला हवा. वडील ओल्या बनियनवर कूलरमध्ये बादली ओतत असताना मुलाला दिलेला उपदेश वाया जातो.

एखाद्याला विजेचा धक्का बसलेला दिसला तर मुलाने त्याला हात लावायचा नाही, मागे सरकायचे आणि ओरडून हाक मारायची. मुख्य बटण बंद करणे, मगच माणसाला स्पर्श करणे हे मोठ्यांचे काम आहे. हाच क्रम पाण्याच्या बाबतीतही लागू होतो. पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात तेव्हा तापीकाठी सगळेच सावध असतात, परंतु लहान मूल बुडायला नदी लागत नाही. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्त्यांत भरून ठेवलेला ड्रम, न्हाणीतला हौद किंवा अर्धी बादलीही पुरते, आणि बुडणारे मूल चित्रपटातल्यासारखे हातपाय आपटत ओरडत नाही, ते बहुधा निःशब्द बुडते. शेततळ्याचा धोका वेगळा आहे : त्याच्या उतारावर पसरलेले प्लास्टिक ओले झाले की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. सोबती पाण्यात पडला तर दुसऱ्याने वाचवायला उतरू नये, हे शूर मुलांच्या गोष्टी ऐकवणाऱ्या समाजात मुद्दाम सांगावे लागते. या वयात पाण्याकडे पाठ करून धावत जाऊन मोठ्यांना बोलावणे हेच शौर्य आहे.

भाजण्याबाबत मात्र मुलाच्या हाती प्रत्यक्ष उपचारही देता येतो. खानदेशात हिवाळा आला की बामणोदसारख्या गावांची भरताची वांगी बाजारात येतात आणि शेतात, अंगणात, गच्चीवर पऱ्हाट्यांचा जाळ करून ती भाजली जातात. जाळ असतो तोवर मुलांवर सर्वांचे लक्ष असते. धोका सुरू होतो तो पंगत बसल्यावर, जेव्हा विझल्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या राखेखाली निखारे तसेच असतात आणि मुले त्या जागी खेळायला जातात. राख म्हणजे विझलेली आग, ही समजूत मुलाच्या मनातून काढणे आणि मोठ्यांनी ती राख पाणी ओतून खरोखर विझवणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. भाजल्यावर करायचे एकच आहे : भाजलेला भाग लगेच साध्या थंड पाण्याच्या धारेखाली धरायचा आणि साधारण वीस मिनिटे धरून ठेवायचा. त्वचेवरची आच निघून गेली तरी आतल्या थरांत उष्णता काही काळ साठून राहते आणि ती इजा वाढवत असते. वाहते पाणी ही उष्णता काढून घेते. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी कशानेही ते साधत नाही, उलट जखमेत जंतू शिरण्याची आणि डॉक्टरांना जखम नीट न दिसण्याची भर पडते. बर्फही लावू नये, त्याने त्वचेला आणखी इजा होते. वरणगावसारख्या ठिकाणी एक बारकावा आणखी लक्षात ठेवावा लागतो : मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी स्वतःच कढत असते, तेव्हा सावलीतल्या ड्रमचे किंवा माठाचे पाणी तांब्यातांब्याने ओतत राहणे अधिक चांगले. चार वर्षांच्या मुलाला वीस मिनिटे म्हणजे किती हे कळणार नाही. त्याला ‘भाजलं की पाणी, आणि ताई पुरे म्हणेपर्यंत पाणी’ एवढे कळते, आणि बाहुलीचा हात तांब्याच्या धारेखाली धरण्याचा खेळ आठवड्यातून एकदा खेळवला तर ते अंगवळणी पडते.

घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आले, तर मान मागे टाकून कांदा हुंगवण्याची पद्धत उन्हाळ्यात घरोघरी दिसते. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते घशात उतरते आणि मुलाला उलटी होते. मुलाने बसून किंचित पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून धरावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. दहा मिनिटे चिमूट सोडू नये. ही कृती पाच वर्षांचे मूल स्वतः करू शकते. ऊन लागल्याची लक्षणे मात्र त्याला स्वतःच्या ठायी ओळखता येत नाहीत, म्हणून ‘डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं’ हे शब्द त्याला आधीच द्यावे लागतात, कारण ज्या त्रासाला नाव नाही तो मुलाला सांगता येत नाही. आयुध निर्माणीच्या वसाहतीत वेगवेगळ्या प्रांतांची कुटुंबे राहतात, गावात लेवा गणबोली, अहिराणी आणि हिंदी कानावर पडतात. तेव्हा शरीराच्या अवयवांची आणि दुखण्याची नावे अंगणवाडीतील ताईंनी प्रत्येक मुलाच्या घरच्या बोलीत माहीत करून घेतली पाहिजेत. ‘पोटात दुखतं’ हे मूल कोणत्या शब्दांत सांगते हे ठाऊक असणे कधीकधी निर्णायक ठरते, कारण मण्यार या सापाचा दंश रात्री झोपेत होतो, त्याची खूण दिसतही नाही आणि सकाळी मूल केवळ पोटदुखीची किंवा डोळे उघडता येत नसल्याची तक्रार करते.

सापविंचवांच्या बाबतीत मुलाला शिकवण्यासारखे थोडे आहे, पण ते पक्के हवे : बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, लाकडे-गोवऱ्यांच्या ढिगात हात घालायचा नाही, साप दिसला तर दगड न मारता मागे सरकायचे आणि हाक मारायची. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर परिणाम करतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून अशा रुग्णांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करता येतात हे दाखवले, आणि ते औषध वेळेत मिळायचे तर दंश झाल्याचे लगेच कळले पाहिजे. सापाच्या दंशावर चीर देणे, करकचून दोरी बांधणे किंवा मंत्र उतरवणाऱ्याकडे नेणे यांत जाणारा वेळ प्रतिविषाच्या वाट्याचा असतो.

येथे या विषयाचा गाभा येतो. वरील बहुतेक प्रसंगांत मुलाने सांगणे हाच उपचाराचा आरंभ आहे आणि मुलाने न सांगणे हे इजेहूनही घातक ठरू शकते. याचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे कुत्र्याचा चावा. गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना दात लागतो, ओरखडा उठतो, रक्तही फारसे येत नाही; ‘त्या पिल्लाला हात लावू नको म्हणून शंभरदा सांगितलं होतं’ हे वाक्य आणि त्यामागचा धपाटा ठाऊक असलेले मूल तो ओरखडा बाहीखाली लपवते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे यांनी रेबीज टाळता येतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर मात्र तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. मुलाने मार चुकवण्यासाठी पाळलेले मौन आणि हा आजार यांच्यामध्ये दुसरे काहीही उभे नसते. नाकात घातलेला चिंचोका, गिळलेले नाणे, चाखलेले औषध, पडल्यावर डोक्याला आलेले टेंगूळ यांचीही गत हीच.

मराठी घरांत पडलेल्या मुलाला उगी करण्याच्या रीती मायेच्या आहेत यात शंका नाही. ‘मुंगी मेली’ म्हणून त्याला हसवतात किंवा ज्या उंबऱ्याला ठेच लागली त्या उंबऱ्यालाच एक चापट मारतात. रडणे थांबते, परंतु काय झाले, कुठे लागले, कसे लागले हे विचारायचे राहून जाते आणि सांगण्याचा सराव होत नाही. दुसरीकडे ‘डॉक्टर सुई टोचेल’, ‘पोलीस पकडून नेतील’ अशी भीती जेवण भरवताना घातली जाते. मग ज्या दोन माणसांकडे संकटात धाव घ्यायची त्यांचीच धास्ती मुलाने घेतली तर नवल नाही. औषध पाजताना त्याला ‘चॉकलेट’ म्हणणे ही याच जातीची चूक आहे. गरोदर मातांसाठी घरी येणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या मुलाला गोळ्या-बिस्किटांसारख्याच दिसतात, आणि त्या मूठभर पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. शेतीचे औषध किंवा रॉकेल पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण ते श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाला इजा करते. बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठावे. मुलाने खरे सांगितल्याबद्दल त्या क्षणी त्याला रागावू नये, रागावणे अगदी आवश्यकच वाटत असेल तर ते रुग्णालयातून परत आल्यावर करावे. शरीराला कोणी नकोसा स्पर्श केला तर तो सांगण्याची शिकवणही याच सवयीवर उभी असते. लहान जखमेबद्दल ज्याला मार मिळाला ते मूल मोठी गोष्ट सांगणार नाही.

हे सारे शिकवण्याची जागा म्हणून अंगणवाडीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक शिक्षण आणि आरोग्य तपासणी एकाच छपराखाली आणली गेली. पण अंगणवाडी या कल्पनेची मुळे त्याहून जुनी आणि मराठी आहेत. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, 1957 मध्ये ते कोसबाडला गेले आणि तेथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी असा मार्ग काढला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही तेथे भरली. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहातील मुले खऱ्या, फुटणाऱ्या वस्तू हाताळत, कारण जपून वागणे हे न फुटणाऱ्या वस्तूंवर शिकता येत नाही असा त्यामागचा विचार होता. ताराबाईंनी तो विचार विदेशी साधनांऐवजी शिंपले, बिया आणि खड्यांवर आणला. सुरक्षिततेच्या शिक्षणाला हे दोन्ही धडे लागू आहेत : धोका जेथे आहे त्या अंगणातच तो दाखवावा, आणि तक्त्यावरच्या चित्राऐवजी खऱ्या चुलीपासून, खऱ्या हौदापासून योग्य अंतरावर उभे राहून दाखवावा. महिन्यातून एकदा ताईंनी मुलांना घेऊन अंगणवाडीभोवती फेरी मारावी आणि कोणती गोष्ट ‘हाताची’ व कोणती ‘हाक मारायची’ हे मुलांनाच ठरवू द्यावे. मुलांची उत्तरे मोठ्यांच्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात, आणि ती ऐकण्यातच ताईंचे अर्धे प्रशिक्षण होते.

दूरध्वनीचा धडा छोटा आहे. 112 हा सर्व तातडीच्या मदतीचा देशभरचा क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका येते. मुलाला ‘एकशे बारा’ शिकवू नये, कारण शंभराच्या पुढचा आकडा त्याच्या मोजणीत अजून आलेला नसतो. ‘एक, एक, दोन’ हे त्याला येते, बटणेही तशीच दाबायची असतात. मोबाईलला कुलूप असले तरी पडद्यावरच्या तातडीच्या कॉलच्या बटणातून हा क्रमांक लागतो, हे पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. आपले पूर्ण नाव, आईचे किंवा वडिलांचे नाव, गाव आणि घराजवळची एखादी ठळक खूण एवढे सांगता आले की पुरे.

मुलाला शिकवलेल्या कोणत्याही गोष्टीने मोठ्यांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, आणि हे पालकांच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. हौदाला झाकण, कीटकनाशकाला कुलूप, राखेवर पाणी ही कामे मुलांची नव्हेत. खानदेशात होळीच्या सुमारास कूलर माळ्यावरून खाली उतरतो. त्याची वायर बदलून, अर्थिंग तपासून आणि घराच्या वीजफलकावर गळती होताच प्रवाह तोडणारा स्वयंचलित खटका बसवून मगच तो चालू करावा.